सौरवाताचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ : यूजीन पार्कर

१२ ऑगस्ट २०१८ रोजी पहाटे अमेरिकेतील केप कॅनाव्हरल येथून ‘डेल्टा-४ हेवी’ हा अग्निबाण एक यान घेऊन सूर्याच्या दिशेने झेपावला. हे उड्डाण पाहण्यासाठी ९१ वर्षांचे एक निवृत्त प्राध्यापक तेथे मुद्दाम आले होते. यानाला त्यांचेच नाव देण्यात आले होते : ‘पार्कर सोलर प्रोब’. ‘नासा’ने हयात व्यक्तीचे नाव आपल्या यानाला देण्याची ही पहिलीच वेळ होती. यानावर एक छोटी स्मृतिपट्टिका बसविण्यात आली होती. तिच्यातील मेमरी कार्डवर जगभरातील ११ लाखांहून अधिक नागरिकांची नावे होती आणि त्यांच्यासोबत १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाची प्रतही होती. हा शोधनिबंध छापण्यायोग्य नाही, असा अभिप्राय त्या वेळी दोन परीक्षकांनी दिला होता.

यूजीन न्यूमन पार्कर (१९२७-२०२२) हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी दुर्बीण उभारली नाही, यान बांधले नाही की मोठी प्रयोगशाळाही चालविली नाही. भौतिकीचे सर्वमान्य नियम खगोलीय प्लाझ्माला लावायचे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष कितीही अनपेक्षित असला तरी तो मांडायचा, हीच त्यांची कार्यपद्धती होती. त्यांच्या कार्याचा भारताशीही जवळचा संबंध आहे. तो शोधनिबंध छापण्याचा निर्णय घेणारे संपादक भारतात जन्मलेले व शिकलेले होते, पार्कर यांची विचारपरंपरा पुढे नेणारा एक विद्यार्थी बंगळूरमध्ये कार्यरत झाला आणि त्यांनी भाकीत केलेल्या सौरवाताचे मोजमाप आज भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान करीत आहे.

घडणीची वर्षे

पार्कर यांचा जन्म १० जून १९२७ रोजी मिशिगन राज्यातील होटन या गावी झाला. १९४८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर चार वर्षे त्यांनी युटा विद्यापीठात अध्यापन केले. तेथे वॉल्टर एल्सासर यांच्या सहवासात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उगमाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. १९५५ मध्ये विश्वकिरणांचे संशोधक जॉन सिम्सन यांच्या निमंत्रणावरून ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले आणि १९९५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

सिम्सन यांचा गट पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांच्या तीव्रतेतील चढउतार मोजत असे. २३ फेब्रुवारी १९५६ रोजी सूर्यावर झालेल्या एका प्रचंड उद्रेकानंतर ही तीव्रता एकाएकी वाढली. सूर्य व पृथ्वी यांच्यामधील अवकाश रिक्त असेल, तर या चढउतारांचा उलगडा होत नव्हता. तेथे काहीतरी आहे आणि ते चुंबकीय क्षेत्र सोबत वाहून नेते, असे मानणे भाग होते. हे ‘काहीतरी’ कोणते, हा प्रश्न तरुण पार्कर यांच्यापुढे उभा राहिला.

द्रव्याची चौथी अवस्था

वायू अतिशय तापविला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. धनप्रभारित आयन आणि ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन यांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. घन, द्रव व वायू यांच्यानंतरची ही द्रव्याची चौथी अवस्था होय. पृथ्वीवर ती वीज चमकताना किंवा निऑनच्या दिव्यात आढळते. विश्वात मात्र तारे, तेजोमेघ आणि ताऱ्यांमधील विरळ द्रव्याचा मोठा भाग याच अवस्थेत असतो.

प्लाझ्मा उत्तम विद्युतवाहक असल्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्राशी वेगळेच नाते असते. स्वीडिश शास्त्रज्ञ हानेस आल्फ्वेन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, चुंबकीय बलरेषा प्लाझ्मात जणू गोठलेल्या असतात. प्लाझ्मा हलला की त्या हलतात, ताणला की ताणल्या जातात आणि पिळला की पिळल्या जातात. उलटपक्षी, क्षेत्र प्रबळ असेल तर तेच प्लाझ्माला आपल्या रेषांच्या दिशेने चालविते. प्लाझ्मा-खगोलभौतिकी या शाखेचा पाया या परस्परसंबंधात आहे. यातील समीकरणे मांडण्यास सोपी असली तरी सोडविण्यास कठीण आहेत. त्यामुळे कोणती गोष्ट गृहीत धरायची आणि कोणती वगळायची, हा विवेक येथे गणिती कौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. पार्कर यांचे सामर्थ्य या विवेकात होते.

दोन मते, एक उलगडा

खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या रुपेरी प्रभेला किरीट किंवा करोना म्हणतात. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते, तर किरीटाचे दहा लाख अंशांहून अधिक, हे १९४० च्या दशकात निश्चित झाले होते. अशा तप्त किरीटाचे पुढे काय होते, याविषयी १९५० च्या दशकात दोन मते प्रचलित होती.

ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांच्या मते किरीट हे सूर्याचे स्थिर वातावरण होते. प्लाझ्मा उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने हे वातावरण दूरवर तप्त राहते आणि पृथ्वीच्या कक्षेपलीकडेही पसरलेले असते, असे त्यांचे गणित सांगत होते. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनी धूमकेतूंच्या शेपट्यांचा अभ्यास केला होता. धूमकेतू सूर्याकडे येत असो वा सूर्यापासून दूर जात असो, त्याची वायुमय शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच असते. केवळ प्रकाशाच्या दाबाने हे स्पष्ट होत नसल्याने सूर्यापासून सर्व दिशांना अविरतपणे वेगवान कण बाहेर पडत असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दोन्ही मतांच्या मागे सबळ कारणे होती. परंतु प्लाझ्माचा एक स्थिर साठा आणि त्यातून आरपार जाणारा प्लाझ्माचाच दुसरा वेगवान झोत एकाच ठिकाणी नांदू शकत नाहीत, कारण चुंबकीय क्षेत्र त्यांना एकमेकांतून जाऊ देत नाही. हे पार्कर यांच्या ध्यानात आले. दोघांचेही म्हणणे बरोबर असेल, तर चॅपमन यांचे किरीट आणि बियरमान यांचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकच असल्या पाहिजेत. सूर्याजवळ जे किरीट असते, तेच पुढे प्रवाह बनते.

त्यांनी गणित मांडले. किरीट स्थिर आहे असे मानल्यास सूर्यापासून अतिशय दूरवरही त्याचा दाब शून्यावर येत नाही, काही प्रमाणात शिल्लक उरतो. ताऱ्यांमधील विरळ वायूचा दाब याहून कितीतरी कमी असल्याने तो या किरीटाला थोपवून धरू शकत नाही. म्हणजेच किरीट स्थिर राहणे अशक्य असून ते बाहेर पसरलेच पाहिजे. सूर्याजवळ गुरुत्वाकर्षणाची पकड घट्ट असल्याने हा विस्तार संथपणे सुरू होतो. अंतर वाढत जाते तशी गुरुत्वाकर्षणाची पकड सैल होते, पण तापमान मात्र फारसे उतरत नाही. त्यामुळे दाबाचा रेटा प्रभावी ठरून वेग वाढत जातो आणि सूर्याच्या काही त्रिज्यांइतक्या अंतरावर तो ध्वनिवेगाची मर्यादा ओलांडतो. अग्निबाणाच्या नोझलमध्ये अरुंद गळ्यातून जाताना तप्त वायू स्वनातीत होतो. नळीचा हा गळा जे काम करतो, ते येथे सूर्याचे गुरुत्वाकर्षण करते. या गणितानुसार पृथ्वीजवळ प्रवाहाचा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटर भरत होता. पार्कर यांनी या प्रवाहाला ‘सोलर विंड’ म्हणजे सौरवात असे नाव दिले.

परीक्षकांचा नकार आणि संपादकाचा निर्णय

‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकाकडे हा निबंध पाठविण्यात आला, तेव्हा पार्कर तिशीचे होते. लेखकाने या विषयावर लिहिण्यापूर्वी ग्रंथालयात जाऊन थोडे वाचन करावे, अशा आशयाचा शेरा पहिल्या परीक्षकाने मारला. दुसऱ्या परीक्षकाचा अभिप्रायही प्रतिकूल होता. सूर्याचे वातावरण स्वनातीत वेगाने सतत उडून जात आहे, ही कल्पनाच त्यांना पटली नाही.

या नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. लाहोर येथे जन्मलेले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेले चंद्रशेखर १९३७ पासून शिकागो विद्यापीठात होते. १९५२ ते १९७१ अशी सुमारे दोन दशके त्यांनी संपादकपद सांभाळले. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्रे हा त्या काळात त्यांच्याही अभ्यासाचा विषय होता. शिकागोत त्यांनी या विषयावर दिलेली व्याख्याने एस. के. त्रेहन यांनी शब्दबद्ध केली आणि ती १९६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

चंद्रशेखर यांनाही पार्कर यांची कल्पना रुचली नव्हती. तथापि, परीक्षकांनी निबंधातील एकाही समीकरणात नेमकी चूक दाखविलेली नाही, हे पार्कर यांनी त्यांच्या निदर्शनास आणले. चंद्रशेखर यांनी स्वतः गणित तपासले. त्यांना त्यात दोष आढळला नाही. दोन्ही अभिप्राय बाजूला ठेवून त्यांनी निबंध स्वीकारला आणि नोव्हेंबर १९५८ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी चंद्रशेखर यांचा पूर्वानुभव आठवावा लागतो. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असल्याचा निष्कर्ष मांडला होता. त्या काळचे अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्याच सभेत त्याची खिल्ली उडविली. गणितातील चूक मात्र त्यांनी दाखविली नव्हती. त्या सिद्धांताला सर्वमान्यता मिळण्यास अनेक वर्षे लागली आणि १९८३ मध्ये ताऱ्यांच्या संरचनेविषयीच्या कार्यासाठी चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला न पटणाऱ्या, परंतु सदोष ठरविता न येणाऱ्या विचाराला प्रकाशनाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यांनी संपादक या नात्याने पाळले.

यानांनी दिलेला कौल

निबंध छापून आला म्हणून वाद संपला नाही. शिकागो विद्यापीठाच्याच यर्कीझ वेधशाळेतील जोसेफ चेंबरलेन यांनी १९६० मध्ये प्रतिपादन केले की, किरीटातून कण हळूहळू निसटत असतील, तर तो ‘वारा’ नसून मंद ‘झुळूक’ असेल. समीकरणांतून दोन्ही उत्तरे निघू शकत होती. निसर्गाने त्यांपैकी कोणते निवडले आहे, हे प्रत्यक्ष मोजमापानेच ठरणार होते.

सुदैवाने अंतराळयुग नुकतेच उजाडले होते. १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या ‘लूना’ यानांवरील कोन्स्तान्तिन ग्रिंगाउझ यांच्या उपकरणांनी अवकाशातील आयनांचा प्रवाह प्रथम नोंदविला. १९६१ मध्ये ‘एक्सप्लोरर-१०’ यानाला त्याचे पुरावे मिळाले. निर्णायक कौल मिळाला तो ‘मरिनर-२’ कडून. २७ ऑगस्ट १९६२ रोजी शुक्राकडे निघालेल्या या यानावर मार्शिया नॉयगेबाउअर आणि कॉनवे स्नायडर यांचे प्लाझ्मामापक होते. काही महिन्यांच्या प्रवासात सौरवात त्याला सतत आढळला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० किलोमीटर होता. ‘झुळुके’चा पर्याय बाद झाला. छपाईनंतर चार वर्षांतच पार्कर यांचे गणित वस्तुस्थिती ठरले.

आज या वाताविषयी बरीच माहिती उपलब्ध आहे. पृथ्वीजवळ त्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच ते दहा कण असतात. तरीही सूर्य या मार्गाने दर सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक द्रव्य गमावतो. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या या वाताला सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर कापण्यास चार दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो.

याच निबंधात पार्कर यांनी आणखी एक भाकीत केले होते. सौरवात सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो, परंतु या बलरेषांचे एक टोक फिरत्या सूर्यात रुतलेले असते. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांत पूर्ण होते. दिवाळीतील भुईचक्रातून ठिणग्या सरळ बाहेर फेकल्या जातात, तरी सर्व ठिणग्या मिळून वक्र आकृती दिसते. त्याचप्रमाणे सौरवाताचा प्रत्येक कण सरळ बाहेर जात असला तरी बलरेषांना मात्र सर्पिल आकार येतो. पृथ्वीजवळ ही रेषा सूर्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. यानांनी हेही पडताळून पाहिले असून ही रचना आता ‘पार्कर सर्पिल’ म्हणून ओळखली जाते.

सौरवात ताऱ्यांमधील वायूत एक विशाल पोकळी निर्माण करतो व तिच्या सीमेपाशी त्याचा प्रवास संपतो. या सीमेचे गणितही पार्कर यांनी १९६१ मध्ये मांडले होते. ‘व्हॉयेजर-१’ ने ती सीमा ऑगस्ट २०१२ मध्ये आणि ‘व्हॉयेजर-२’ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये ओलांडली. तेथे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट अंतरावर सौरवाताचे राज्य संपते.

सूर्याचे चुंबकत्व

सौरवात हे पार्कर यांच्या कार्याचे एक अंग होय. सूर्याचे चुंबकीय क्षेत्र कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न त्यांनी त्याआधीच, १९५५ मध्ये केला होता. सौरडाग ही तीव्र चुंबकीय क्षेत्राची ठिकाणे आहेत, हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखविले होते. या डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते. परंतु केवळ सममित गतीतून असे क्षेत्र टिकून राहू शकत नाही, असे टॉमस काउलिंग यांनी १९३३ मध्ये सिद्ध केले होते.

पार्कर यांनी यातून मार्ग काढला. सूर्य घन नसल्यामुळे त्याचे विषुववृत्त ध्रुवांपेक्षा लवकर फिरते आणि उत्तर-दक्षिण बलरेषा पूर्व-पश्चिम ताणल्या जातात. सूर्याच्या आतून तप्त प्लाझ्मा उसळून वर येतो, तेव्हा परिवलनामुळे त्याला पीळ पडतो. पृथ्वीवरील चक्रीवादळांना पीळ पडतो, त्यामागेही हेच कारण असते. हा पीळ ताणलेल्या रेषांना पुन्हा उत्तर-दक्षिण वळण देतो. अशा रीतीने एक क्षेत्र दुसऱ्याला जन्म देते आणि चक्र चालू राहते. ‘सौर डायनामो’च्या सिद्धांताचा हा पाया ठरला. चुंबकीय क्षेत्राच्या नळ्या भोवतालच्या प्लाझ्मापेक्षा हलक्या होऊन वर तरंगतात आणि पृष्ठभाग फोडून बाहेर येतात तेथे सौरडाग दिसतात, हा विचारही त्यांनी त्याच वर्षी मांडला.

बलरेषा प्लाझ्मात गोठलेल्या असतात, मग सौरज्वालांमध्ये चुंबकीय ऊर्जा एकाएकी मुक्त कशी होते? विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींवर दाबल्या गेल्यास त्या तुटून नव्याने जोडल्या जातात. पीटर स्वीट यांच्या या कल्पनेला पार्कर यांनी १९५७ मध्ये नेमके गणिती रूप दिले. परंतु या सूत्राने ज्वालेला महिनोन्‌महिने लागायला हवेत, तर प्रत्यक्षात त्या काही मिनिटांत भडकतात. ही उणीव पार्कर यांनी स्वतःच दाखवून दिली. या ‘चुंबकीय पुनर्जोडणी’चा वेग कशावर ठरतो, हे आजही संशोधनाचे सक्रिय क्षेत्र आहे. संमीलन ऊर्जेसाठी बांधलेल्या टोकामॅक यंत्रांतील प्लाझ्मा अस्थिर होण्यामागेही ही प्रक्रिया असते. त्यामुळे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांशीही या विषयाचा संबंध पोहोचतो.

पृष्ठभागापेक्षा किरीट इतके अधिक तप्त का, हे कोडेही त्यांनी सोडले नाही. पृष्ठभागावरील हालचालींमुळे बलरेषांची वेणी घातली जाते आणि ताण वाढला की तेथे असंख्य सूक्ष्म स्फोट होतात. हे ‘नॅनोफ्लेअर’ किरीटाला तापवितात, असे त्यांनी १९८८ मध्ये सुचविले. या प्रश्नाचा अंतिम निकाल अजून लागलेला नाही.

भारतातील परंपरा

पार्कर यांच्या मार्गदर्शनाखाली अर्णब राय चौधुरी यांनी १९८५ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली आणि १९८७ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे सौर डायनामोच्या अभ्यासाची एक परंपरा उभी राहिली. १९९५ मध्ये मान्फ्रेड श्युस्लर आणि मौसुमी दिक्पती यांच्यासह त्यांनी दाखविले की, सूर्याच्या अंतर्भागात विषुववृत्त व ध्रुव यांदरम्यान वाहणारा प्लाझ्माचा संथ प्रवाह डायनामोत महत्त्वाची भूमिका बजावतो. प्रवाही द्रव्ये आणि प्लाझ्मा यांवरील त्यांचे १९९८ चे पाठ्यपुस्तक अनेक देशांतील विद्यार्थी वापरतात.

या सिद्धांताची कसोटी लवकरच लागली. चोविसावे सौरचक्र त्याआधीच्या चक्रापेक्षा ३० ते ५० टक्के प्रबळ असेल, असे भाकीत अमेरिकेत संशोधन करणाऱ्या मौसुमी दिक्पती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केले. याउलट ते सुमारे ३५ टक्के दुर्बळ असेल, असे राय चौधुरी, पियाली चॅटर्जी आणि जिए जियांग यांनी २००७ मध्ये वर्तविले. २०१४ मध्ये चक्र शिगेला पोहोचले, तेव्हा ते शंभर वर्षांतील सर्वांत दुर्बळ चक्र ठरले. दोन्ही प्रारूपे पार्कर यांच्या १९५५ च्या विचारातूनच उगम पावलेली होती आणि त्यांच्यातील निवाडाही सूर्यानेच केला.

सूर्य आणि पृथ्वीच्या चुंबकीय नात्याची एक मौल्यवान नोंद मुंबईत जपली गेली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी ज्वाला पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले आणि अनेक देशांतील तारायंत्रे कोलमडली. कुलाबा वेधशाळेत त्या दिवशी हाताने घेतलेल्या वाचनांनुसार चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात या नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता ठरविण्यात आली. मुंबईत विजेवरील ट्राम येणार असल्याने नोंदींत व्यत्यय येईल, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे पर्यायी वेधशाळा सुरू करण्यात आली. तेथील नोंदी आजही चालू आहेत.

उपयोगाचा प्रश्न

१९५८ मध्ये सौरवाताचा ‘उपयोग काय’ असे कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर देता आले नसते. आज परिस्थिती निराळी आहे. सूर्यावरील उद्रेकातून फेकला गेलेला प्लाझ्मा सौरवातातून वाट काढीत पृथ्वीवर आदळतो, तेव्हा वीजवाहिन्यांत अनिष्ट प्रवाह निर्माण होतात, उपग्रहांचे इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात आणि दिशादर्शन व रेडिओ संपर्क विस्कळीत होतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशाच वादळामुळे सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेल्या ४९ ‘स्टारलिंक’ उपग्रहांपैकी बहुतांश एका सौम्य वादळाने वातावरण फुगल्यामुळे खाली कोसळून नष्ट झाले. मे २०२४ मध्ये दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथे तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची नोंद झाली.

भारताची दळणवळण, हवामान, दूरसंवेदन आणि दिशादर्शन व्यवस्था उपग्रहांवर विसंबून आहे. देशाचे वीजजाळेही एकसंध झाले आहे. त्यामुळे ‘अवकाश हवामाना’चा अंदाज ही राष्ट्रीय गरज बनली आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेले ‘आदित्य-एल१’ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्याच्या सात उपकरणांपैकी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ‘अ‍ॅस्पेक्स’ आणि तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ‘पापा’ सौरवातातील कण मोजतात. किरीटाचे निरीक्षण करणारे उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने, तर सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने विकसित केली आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येणारा सौरवात एल१ ओलांडल्यानंतर पृथ्वीपर्यंत सुमारे तासाभराने पोहोचतो. पूर्वसूचनेसाठी हा तासही मोलाचा असतो.

समारोप

पार्कर यांना १९८९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक, २००३ मध्ये जपानचे क्योटो पारितोषिक आणि २०२० मध्ये स्वीडनचे क्राफर्ड पारितोषिक लाभले. त्यांच्या नावाच्या यानाने २८ एप्रिल २०२१ रोजी किरीटात प्रथमच प्रवेश केला. ही वार्ता ऐकण्यास ते हयात होते. १५ मार्च २०२२ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी शिकागोत त्यांचे निधन झाले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते यान सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने गेले.

या कारकिर्दीतून विज्ञानव्यवस्थेने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सौरवाताचा सिद्धांत ज्या संशोधनातून जन्मला, त्याला उपयुक्ततेची अट घातलेली नव्हती. विद्यापीठाने एका तरुण अध्यापकाला प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य आणि पुरेसा काळ दिला. प्रतिकूल अभिप्रायांनंतरही त्याच्या निबंधाचा न्याय गणिताच्या आधारे झाला. देशात मूलभूत विज्ञानासाठी निधी, प्रयोगशाळा आणि याने यांची तरतूद वाढविताना या दोन गोष्टींचीही तरतूद व्हावी लागते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ साली वाचने घेणाऱ्या निरीक्षकांना त्या आकड्यांचा पुढे कोणाला उपयोग होईल, हे ठाऊक नव्हते. त्यांनी नोंद मात्र चुकविली नाही.